अबोल विनंती

हिकरी फोर्क या खाणगावच्या चर्चमध्ये ऑर्फा टॅकेटने एकतीस वर्षं पियानो वाजवला. नवरा खाणीची धूळ फुप्फुसात साठून गेला, तेव्हाही पुढचा रविवार तिने चुकवला नाही. बाई मोठी सोशिक, असं सगळे म्हणत. सोशिक म्हणजे तोंड न उघडणारी, हा अर्थ त्या गावात सगळ्यांना पाठ होता.

आणि तोंड न उघडण्याची चर्चमध्ये सोयही होती. बुधवारच्या प्रार्थनेत कुणी गुडघेदुखी सांगे, कुणी जावयाची दारू. ज्याचं सांगण्यासारखं नसेल त्याने हात वर करून नुसतं 'अबोल' म्हणायचं. मग कुणी काही विचारत नसे. निदान तोंडावर तरी नाही.

फेब्रुवारीपासून ऑर्फा दर बुधवारी 'अबोल' म्हणत होती. खाण बंद पडली, सून दोन्ही मुली घेऊन लेक्सिंग्टन शहरात निघून गेली, आणि चाळिशीचा मुलगा लेलंड आईकडे परतला. एका सकाळी तो तिला गोठ्यात सापडला, बापाची बंदूक मांडीवर घेऊन बसलेला. तिने ती काढून घेतली, घरातल्या तिन्ही बंदुका बहिणीकडे नेऊन टाकल्या. मायलेकांनी त्यावर पुन्हा अवाक्षर काढलं नाही. तो जेवायचा, टीव्हीसमोर बसायचा. ती त्याच्या बंद दाराला कान लावून उभी राहायची.

शरदात चर्चचं शिकारीचं जेवण असे. हरणाचं मांस, खारीचा रस्सा, मक्याचा पाव, वर एक प्रवचन आणि शेवटी सोडत. पहिलं बक्षीस ठरलेलं: नवी कोरी रायफल, काडतुसांच्या डबीसकट. यंदा जेवणाच्या समितीच्या बैठकीत ऑर्फाने धीर करून पाद्री ब्रदर गॅरलनना सुचवलं, की रायफलीऐवजी एखादी शेगडी ठेवू या.

"सिस्टर, शेगडीसाठी कोण येतंय? रायफल ठेवली की साठ पापी आपल्या पायांनी चालत येतात. गळाला काहीतरी लावावं लागतंच की."

"पण येशूनं आपल्या शिष्याला, पीटरला, तलवार म्यान करायला सांगितली होती ना?"

"म्यान कर म्हणाला, फेकून दे नाही म्हणाला. म्हणजे पीटरकडे होती, आणि येशूला ते ठाऊक होतं."

समितीतले सगळे खो खो हसले. ऑर्फाही हसली, आणि त्या हसण्याची तिला घरी पोचेपर्यंत लाज वाटत राहिली. आजवर सोडतीच्या चिठ्ठ्या तिनेच कापल्या होत्या. बंदूक हा देवाने दिलेला हक्क, असं तीही चारचौघांत म्हणायची.

जेवणाच्या शनिवारी दुपारी तिने लेलंडला हट्टाने बरोबर आणलं. चार माणसांत बसेल, दोन घास जास्त खाईल, एवढीच तिची आशा. दारातल्या टेबलावर कॉफीचे दोन रिकामे डबे होते, एक प्रार्थनेच्या विनंत्यांचा, दुसरा सोडतीचा. डबे सारखे, चिठ्ठ्याही सारख्याच पिवळ्या. कडेवर रश्श्याचं पातेलं सावरत ऑर्फाने एका चिठ्ठीवर 'लेलंड टॅकेट' एवढंच लिहिलं. विनंती अबोल, पुढे काय लिहिणार? चिठ्ठी तिने डब्यात टाकली.

प्रवचन झालं. ब्रदर गॅरलननी सोडतीच्या डब्यात हात घातला आणि वाचलं, "लेलंड टॅकेट."

टाळ्यांनी छप्पर दणाणलं. आठ महिने चर्चची पायरी न चढलेल्या माणसालाच देवाने निवडलं, हा केवढा चमत्कार, असं म्हणत त्यांनी रायफल लेलंडच्या हातात दिली. पाद्र्यांच्या बोटांत ऑर्फाला पिवळी चिठ्ठी दिसली आणि तिच्यावरचं स्वतःचं अक्षर.

ती धडपडत पुढे गेली. "त्याला देऊ नका."

"का, सिस्टर?"

सगळं गाव बघत होतं. लेलंडही बघत होता. सांगावं तर त्याची अब्रू जाते, न सांगावं तर तोच जातो. सवयीने तोंडातून निघालं, "अबोल."

ब्रदर गॅरलन मनाने वाईट नव्हते. त्यांनी लगेच सगळ्यांना डोळे मिटायला सांगितलं आणि सिस्टर ऑर्फाच्या मनातल्या ओझ्यासाठी लांबलचक प्रार्थना केली. साठ पाप्यांनी डोळे मिटले. ऑर्फानेही मिटले. 'आमेन' म्हणून उघडले, तेव्हा लेलंडची खुर्ची रिकामी होती. रायफल नव्हती, काडतुसांची डबीही नव्हती.

ती बाहेर धावली. लेलंडचा पिकअप सुरू झाला होता. ती समोर जाऊन उभी राहिली, दोन्ही तळवे थरथरणाऱ्या बॉनेटवर टेकून.

"आई, बाजूला हो."

"नाही होणार. घाल अंगावर." आणि मग, आठ महिन्यांत त्या घरात जे कुणी उच्चारलं नव्हतं, ते ती बोलली. "लेलंड, तू मरू नकोस रे."

त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "चिठ्ठी तू टाकलीस?"

"प्रार्थनेच्या डब्यात टाकत होते. तुझ्यासाठी. चुकून…"

लेलंडला हसू फुटलं. ते थांबेना, आणि थांबलं तेव्हा तो स्टीअरिंगवर डोकं टेकून हुंदके देत होता. आत दुसऱ्या बक्षिसाचं नाव पुकारत होते.

त्याने रायफल दिली नाही. पण इंजिन बंद केलं. ऑर्फा बॉनेटवरचा हात न उचलता गाडीला वळसा घालून गेली, दार उघडून त्याच्या शेजारी बसली, आणि दोघांच्या मधे आडव्या पडलेल्या रायफलीवर तिने हात ठेवला.