पाऊस पाठवायला मॉरिशसला

मॉरिशसला लोक मधुचंद्राला जातात. मी मोडेम घेऊन गेले.

ऐंशीच्या दशकाची अखेर होती. पुण्यात आमच्या संस्थेत एक मोठा संगणक होता आणि त्याचा आम्हाला भलताच अभिमान होता. मॉरिशसच्या विद्यापीठातला संगणक फोनच्या लाइनीवरून आमच्या संगणकाला जोडून बघायचा, असं दोन्हीकडच्या वरिष्ठांनी ठरवलं. कोण जाणार, असं विचारल्यावर माझा हात माझ्याआधी वर गेला. नवरा म्हणाला, "समुद्र बघून ये." सासूबाई म्हणाल्या, "लोकरीचं काही ने." आम्ही सगळे त्यांना हसलो. माझा मुक्काम होता त्या डोंगराळ क्युरपिपला पोचल्यावर कळलं, शहाण्या त्याच होत्या.

विमानतळावर कस्टमच्या साहेबांनी मोडेमचा डबा उलटापालटा करून विचारलं, "हे काय करतं?" म्हटलं, याने दोन संगणक एकमेकांशी बोलतात. "कुठल्या भाषेत?" त्यांनी विचारलं. मग तेच हसले आणि म्हणाले, "आमची क्रेओल बोली शिकवा त्यांना, बेटावर सगळ्यांना समजेल."

मला घ्यायला प्रेमिला आली होती. विद्यापीठात गणित शिकवायची, वय तिशीच्या आत. तिचे पूर्वज रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यांवर आलेले. मराठी पूर्ण समजायची, पण बोलताना दोन वाक्यांनंतर गाडी क्रेओलच्या रुळावर जायची. "मी समजते सगळं," ती म्हणाली, "पन बोलायला... आयो, दिफिसिल!"

विमानतळाहून रस्ता उसातून वर चढत जातो. नुव्हेल फ्रांस आलं की हवा गार होते आणि भाजीचे मळे सुरू होतात, आणि क्युरपिपला पोचेपर्यंत तुम्ही भिजलेले असता. जाणार असाल तर हे लिहून ठेवा: किनाऱ्यावर ऊन असलं तरी क्युरपिपला छत्री हवीच. माझ्या खोलीत धुतलेले कपडे जाताना जितके ओले असायचे, परत आल्यावर त्याहून थोडे जास्त ओले असायचे. खर्चाचं म्हणाल तर तेव्हा राहणं महाग, पण बस आणि खाणं स्वस्त. रोज सकाळी बसने फिनिक्सवरून रेदुईला विद्यापीठात जायचे. वाटेत एका डबेवाल्याकडे दालपुरी मिळायची, दोन एकावर एक, आत घेवड्याची भाजी आणि डोळ्यांत पाणी आणणारी चटणी. गातो पिमाँ नावाचे छोटे वडेही चाखाच. आपल्या डाळवड्याचे चुलतभाऊ आहेत, फक्त स्वभावाने जरा तिखट.

दालपुरी खातानाच प्रेमिलाने मला आपली गोष्ट सांगितली. चक्रीवादळात डोंगरावर पडलेला पाऊस कुठल्या नदीतून किती वेगाने खाली येईल, याचं गणित ती मांडत होती. बेटभरच्या पर्जन्यमापकांचे वर्षानुवर्षांचे आकडे तिच्याकडे होते. विद्यापीठातला छोटा संगणक ते आकडे खाता खाता गुदमरायचा. फ्रान्समधल्या एका विद्यापीठाने तिला बोलावलं होतं. तिथे मोठा संगणक होता आणि मोठी नोकरीही. महिनाअखेर उत्तर द्यायचं होतं. घरी एकटी आई. तिला तिने अजून काहीच सांगितलं नव्हतं.

"तुमची लाइन लागली," ती म्हणाली, "माझे आकडे पुन्याला गेले, हिशोब होऊन परत आले, तर मी राहते. मला इथंच राहायचं हाय."

माझ्या मोडेमचा गोगलगायीचा वेग मला माहीत होता. तिला तसं सांगितलंही. ती म्हणाली, "बघू या तरी."

रविवारी तिने मला घरी नेलं, नुव्हेल फ्रांसला. पत्र्याचं घर, मागे कोबी आणि गाजराचे वाफे. तिच्या आईचं नाव अनसूया, मी मावशी म्हणू लागले. "बस गो, असिझे," असं एकाच दमात दोन भाषांत म्हणत त्यांनी माझ्यापुढे चहा ठेवला. चहाला व्हॅनिलाचा वास होता. त्यांना एकच गोष्ट हवी होती: पुण्याला लाइन लागेल त्या दिवशी त्या हजर राहणार. त्यांच्या आजीच्या काळापासून घरातलं कुणी भारताच्या किनाऱ्याशी बोललं नव्हतं.

आणि त्या आल्या. इस्त्रीचं पातळ, केसांत फूल, हातात टोपली. टोपलीत हळदकुंकू, उदबत्ती, नारळ. नवीन यंत्राची पूजा केल्याशिवाय ते सुरू कसं करायचं? संगणक केंद्राचे प्रमुख नारळाकडे आणि मग मोडेमकडे घाबरून बघू लागले. शेवटी नारळ बाहेरच्या पायरीवर फुटला आणि मोडेमला फक्त कुंकवाचं बोट लागलं. मग मावशी डब्याजवळ तोंड नेऊन मोठ्याने म्हणाल्या, "हॅलो? पुना?"

मी समजावलं, मावशी, यातून आवाज जात नाही. नुसती अक्षरं जातात.

त्या जरा हिरमुसल्या. मग सावरून म्हणाल्या, "तर मग लिव. आमी हाव."

"आम्ही आहोत, एवढंच?"

"आनि काय? आमी हाव. कळू दे त्यांना."

मोडेमने किंचाळून घेतलं, लाइन लागली आणि प्रेमिलाने रोमन अक्षरांत टाइप केलं. सगळे पडद्याकडे बघत उभे. बऱ्याच वेळाने पुण्याहून आमच्या संस्थेतल्या दिनकरचं उत्तर उमटलं: "मिळालं. पाऊस आहे का तिकडे?" मी वाचून दाखवलं. मावशी खळखळून हसल्या. "लाप्ली? पाऊस विचारतो काय! सांग त्याला, आमच्याकडं कवा नसतो!" केंद्राच्या प्रमुखांनी चक्क टाळ्या वाजवल्या. उरलेलं खोबरं सगळ्यांनी वाटून खाल्लं.

दुसऱ्या दिवसापासून प्रेमिलाचे आकडे पाठवायला घेतले. आकडे मुंगीच्या पावलांनी निघायचे. बाहेर सर आली की लाइनीत खरखर व्हायची आणि मध्येच तुटायची. तुटली की पुन्हा पहिल्यापासून. मी फाइलचे तुकडे केले, दिनकर पलीकडून जोडायचा, तरी चार तुकड्यांतला एक फाटकाच पोचायचा. जे पोचलं ते तिच्या साठ्यातलं जेमतेम एक कोपरा होता. मावशी दोनदा जेवणाचा डबा घेऊन आल्या, मागच्या खुर्चीत बसल्या, बघत राहिल्या. डबा तसाच परत जायचा, कारण प्रेमिला जेवायची नाही. एका दुपारी पडदा पुन्हा थिजला तेव्हा तिनेच हात पुढे करून मोडेम बंद केला आणि म्हणाली, "राहू दे."

मधल्या सुट्टीत मी समुद्र बघितला, क्युरपिपच्या ज्वालामुखीच्या विवरावर चढले, बाजारात फालुद्यासारखा थंडगार आलुदा प्यायले. सगळं सुंदर आहे, जरूर बघा. मला त्यातलं फारसं आठवत नाही.

निघायच्या दिवशी प्रेमिला मला विमानतळावर सोडायला निघाली. वाटेत नुव्हेल फ्रांस, म्हणून मावशींकडे थांबलो. त्या दारातच वाटी घेऊन उभ्या होत्या. प्रवासाला निघणाऱ्याच्या हातावर दही घालायची आपली रीत त्या घरानं समुद्रापार शंभराहून जास्त वर्षं सांभाळली होती. माझ्या हातावर चमचाभर दही पडलं. "परत ये, पोरी."

मग त्या वळल्या. "प्रेमिला, हात कर."

"मामाँ, मी तासात परत येते. मी कुठं चालले?"

"आजचं नाय म्हनत. हात कर."

प्रेमिलाचा हात पुढे येईना. मावशी म्हणाल्या, "दुकानात फ्रान्सचा फोन येतो, अख्खा गाव जानतो. मला नाय कळनार? आनि मी बघितलं तो डबा. अक्शर जातं. पाऊस नाय जात. तुजा पाऊस मोठा हाय, पोरी, त्या वायरीत नाय मावत. तू त्याच्यासंगं जा." मग जीभ चावून त्यांनी शब्द सुधारला. "जाऊन ये."

प्रेमिलाने हात पुढे केला. दही खाताना ती लहान मुलीसारखी रडत होती, आणि मावशी पदरानं तिची हनुवटी पुसत होत्या. पुढच्या सगळ्या रस्त्यावर उसाला तुरे आले होते.

पुण्याला परतले. सासूबाईंना व्हॅनिलाचा चहा आवडला नाही. प्रेमिला फ्रान्सला गेली. लाइन मात्र चालू राहिली, निरोपापुरती. आणि मग सोमवारी कधीमधी आमच्या पडद्यावर रेदुईहून दोन शब्द यायला लागले: आमी हाव. मावशी बस बदलत विद्यापीठात यायच्या आणि केंद्रातल्या लोकांकडून टाइप करून घ्यायच्या. ते आम्ही पुण्याहून फ्रान्सला पुढे पाठवायचो. ज्या लाइनीला त्यांची मुलगी ठेवून घेता आली नाही, तिला तेवढं ओझं पेलायचं. काही वर्षांनी ते शब्द यायचे थांबले. का, ते मी विचारलं नाही. मावशी गेल्याचं प्रेमिलानेच कळवलं.

आता क्युरपिपपर्यंत ट्राम जाते म्हणतात. बेटाखालून समुद्रात काचेच्या तारा आहेत आणि विद्यापीठांची जलद जाळी जगभर पसरली आहेत. प्रेमिलाचे ते सगळे आकडे आज चहा गाळेपर्यंत पुण्याला पोचतील. मला याचा आनंद व्हायला हवा, मी जन्मभर हेच काम केलं. होतोही. पण त्या दुपारी हे हवं होतं, ही हुरहूर काही जात नाही.

गेल्या महिन्यात फोनवर एक निरोप आला. प्रेमिला निवृत्त होऊन नुव्हेल फ्रांसच्या घरी राहायला गेली आहे. फोटो नाही, आवाज नाही. रोमन अक्षरांत दोनच शब्द होते: आमी हाव. घरात ती एकटीच आहे, तरी आमी.

मी उत्तर लिहिलं: मिळालं. पाऊस आहे का तिकडे?