चाखून पाठवलेली चटणी

हसायचं असेल तर पोटभर हसा, पण हातातला चहा आधी संपवा. मागच्या खेपेला हा किस्सा ऐकताना आमच्या शेजारणीनं स्वतःच्या साडीवर सांडला होता. आणि एक आधीच सांगून ठेवते, चूक माझी झाली हे कबूल. लाज मात्र मला अजिबात वाटत नाही!

तर, मी जन्मानं सोलापूरची, सासरही सोलापूरचं, आणि मला ॲलर्जी कशाची? शेंगदाण्याची! हसलात ना? सगळेच हसतात. आमच्याकडे भाजीत कूट, कोशिंबिरीत कूट, उपवासाला तर कूटच कूट. लोक मला तोंडावर विचारतात, "शेंगा खात नाही? मग जगता कशा?" जगते की! ऐटीत जगते! फक्त एकदा कुणीतरी "कूट नाही घातला" म्हणून भरलं वांगं वाढलं, तर ओठ सुजले, घसा आवळत आला, श्वास लागला. दवाखान्यात पोचेपर्यंत आमच्या ह्यांचे सगळे देव बोलावून झाले होते. तेव्हापासून माझ्या पर्समध्ये एक इंजेक्शन असतं. तसं काही झालं की मांडीत टोचायचं आणि सरळ दवाखाना गाठायचा.

आता त्या इंजेक्शनची तारीख संपते, मग मेडिकलवाल्याला नवी चिठ्ठी लागते. मागच्या वर्षी मी ती ऑनलाइन घेतली. पुण्याच्या ॲलर्जीच्या डॉक्टर मॅडम फोनवर दिसल्या, दवाखान्याचे जुने कागद बघितले, चार प्रश्न विचारले आणि चिठ्ठी हजर! ना रांग, ना एसटी. मला इतकं बरं वाटलं की म्हटलं, ह्या बाईंचे आभार नीट मानले पाहिजेत.

आणि सोलापूरचा माणूस आभार कसे मानतो?

बरोबर! शेंगाची चटणी पाठवून!

आमच्या थोरल्या जाऊबाई, आम्ही त्यांना आक्का म्हणतो, त्यांनी उखळात तेल सुटेपर्यंत कुटली. ह्यांनी डबा बांधला, कुरिअरला दिला. शेंगदाण्याच्या ॲलर्जीची पेशंट डॉक्टरला शेंगदाण्याची चटणी पाठवतेय, हे घरात एकाच्याही डोक्यात आलं नाही. आणि वर मी मॅडमना मेसेज केला: "चटणी मी स्वतः कुटलीय. चाखून बघूनच पाठवलीय, तिखट बेताचं आहे."

खोटं बोलले? बोलले! मग काय लिहायचं होतं? "जावेनं केलीय, मी तिला बोटसुद्धा लावलेलं नाही"? असं सांगून कुणी कुणाला खायला देतं का हो?

ह्या वर्षी आक्कांच्या मुलाचं, म्हणजे माझ्या पुतण्याचं लग्न ठरलं. नवरी मंद्रूपची, लग्न तिकडंच. लग्न परवावर आलं आणि बघते तर इंजेक्शनची तारीख उलटलेली! ह्यांनी बजावलं, "इंजेक्शन नसेल तर तू घरी थांबायचं." मी? सख्ख्या पुतण्याचं लग्न आणि काकू घरी? साडीला फॉल लावून झालेला, ब्लाउज शिवून आलेला! लगेच मॅडमना व्हिडिओवर गाठलं. शेजारी आक्का आहेराच्या साड्या लावत बसल्या होत्या.

"चिठ्ठी देते ताई," मॅडम म्हणाल्या, "पण एक विचारायचं होतं. मागच्या वर्षी तुम्ही चटणी पाठवलीत, चाखून. तेव्हा काही त्रास झाला?"

तिथंच खरं सांगून टाकायचं होतं. पण तोंड थांबेल तर ना! "छे छे, काहीच नाही!"

"अरे वा! मग ॲलर्जी गेली असेल. काहींची जाते. आधी तपासणी करून घ्या, मग इंजेक्शनचं ठरवू."

तपासणी? परवा लग्न!

"नाही हो मॅडम, चाखली म्हणजे ह्यांनी चाखली! अहो, इकडे या, सांगा मॅडमना!"

हे अर्धी दाढी करून, तोंडाला फेस तसाच घेऊन आले. "मी? मला मूळव्याध आहे मॅडम, तिखट बंद आहे माझं."

बघा! लग्नाचा नवरा! एवढी वर्षं संसार केला त्याचं हे फळ!

"मग मी वासावरून ओळखलं," मी म्हटलं.

"वासावरून तिखट कळतं?"

"आम्हा सोलापूरकरांना कळतं!"

"आणि कुटताना नाकातोंडात गेलं नाही?"

"मी तोंडाला पदर बांधून कुटते!"

शेजारी साड्यांची सळसळ थांबली.

"कोण कुटतंय?" आक्कांनी विचारलं, आणि माझ्या हातातून फोन काढूनच घेतला. "आवं डॉक्टरीनबाई, हिनं जन्मात उखळाला हात लावला न्हाय! ती चटणी म्या कुटली. हिला शेंगदाणा चालतच न्हाय. वांगं खाल्लं तवा तोंड सुजून भोपळा झालता, म्याच रिक्षात घालून नेली. आन चाखली म्हणं! माझी चटणी, आन नाव हिचं व्हय?"

मॅडम इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसले. पण चिठ्ठी मिळाली! मग त्यांनी विचारलं, "गरज पडली तर टोचणार कोण?" ह्यांना तर सुई बघूनच चक्कर येते.

"म्या टोचते की!" आक्का म्हणाल्या. "लई हौस हाय मला."

मॅडमनी सगळं समजावलं. ओठ सुजले, श्वास लागला, तर काय करायचं. शेवटी म्हणाल्या, "वेळ घालवू नका." आक्कांनी तेवढंच पक्कं लक्षात ठेवलं, आणि नवं इंजेक्शन आलं तसं आपल्याच ताब्यात ठेवलं.

लग्नाच्या पंगतीत मी आपला घरचा डबा उघडला. भाकरी, झुणका, मिरची. आणि मिरचीचा असा ठसका लागला म्हणता! डोळ्यांतून पाणी, तोंड लालबुंद. तिकडून वरमाई उठल्या, अंगावर शालू, हातात इंजेक्शन.

"थांब गं, आले!"

"मिर... मिरची..."

"बोलू नगंस, श्वास जातोय तुझा!"

मी पळाले! काय करू? पुढं मी, मागं वरमाई. बँडवाल्यांना वाटलं वरमाई नाचायला निघाल्या, त्यांनी दणक्यात वाजवायला सुरुवात केली. मांडवाला एक चक्कर झाली, दुसऱ्या चकरेला दम संपला. एका खांबाला धरून मी उभी राहिले आणि असेल नसेल तेवढ्या ताकदीनं ओरडले, "आक्का, मला काही झालेलं नाही! चटणी तुमचीच होती! मी कुटली नाही, मी चाखलीसुद्धा नाही!"

बँड नेमका तेव्हाच थांबला होता. सगळा मांडव माझ्याकडे बघत होता. बघू दे!

आक्का थांबल्या. शालूचा पदर सावरला, इंजेक्शन डबीत घातलं आणि शांतपणे म्हणाल्या, "श्वास चांगला चाललाय की तुझा. आता हेच परत एकदा सांग, व्याह्यांना ऐकू आलं न्हाय."