हेडलीनं भरलेले सांधे

हेडली सग्डन दगडाला हात लावण्याआधी हातमोजा काढायचा. चहात बिस्किट बुडवणाऱ्याशी दिवसभर बोलायचा नाही. पाऊस आला की छत्री मिटून, शाळेच्या भिंतीवरून पाणी कुठून उतरतं ते बघत राहायचा.

थियाला हे ठाऊक होतं, कारण साहित्याची पदवी घेऊन गावी परतल्यापासून ती त्याचे अर्ज लिहायची. दीडशे वर्षांची शाळा, सरकारी संरक्षित यादीतली. खिळा ठोकायलाही परवानगी लागे. उत्तरेची भिंत सडत होती. हिवाळ्याआधी ओल थांबली नाही, तर सभागृह बंद होणार होतं.

"दगडांच्या सांध्यांतलं सिमेंट उकरून चुना भरायचा," बहात्तर वर्षांचा गवंडी हेडली म्हणाला. "चुन्यातून भिंत श्वास घेते. सिमेंटनं तिचं नाकतोंड दाबलंय."

"ते सिमेंट भरलं कोणी, असं अर्जात विचारलंय. माहीत नाही म्हणून लिहू?"

"माझं नाव लिही."

थियाचा हात थांबला.

"चौऱ्याहत्तर साली. बावीस वर्षांचा होतो. शंभर वर्षं हलणार नाही म्हणून छाती काढून फिरलो. नाहीच हललं. दगडच झिजला." तो हसला. "लिही ना पोरी. कॉलेजात एवढंच शिकलीस?"

परवानगी आली. हेडली एकेक सांधा घेऊन छिन्नीनं स्वतःचं सिमेंट स्वतः काढायचा, चुना भरायचा, तो हळू वाळावा म्हणून त्यावर ओलं गोणपाट टांगायचा. मदत घेतली नाही. एका सकाळी त्यानं थियाला परांचीवर चढवलं. सिमेंटमागं जुना चुना उघडा पडला होता आणि त्यात अंगठ्याचा ठसा होता. पहिल्या गवंड्यानं दाबलेला. रेषा दिसत होत्या.

"यावर मी सिमेंट थापलं होतं," हेडली हळूच म्हणाला.

थियानं मान वर केली. लहानपणी सात वर्षं ती रोज या शाळेत आली होती. टोकदार कमानींवर कमानी, त्यांवर आभाळाला टेकलेला त्रिकोणी माथा. एवढं सगळं माणसांनी हातांनी रचलं होतं. बघता बघता तिचं तोंड उघडंच राहिलं.

"तोंड मिट," तो म्हणाला. "चुना जाईल."

ऑक्टोबरात, गुरुवारी, घरीच त्याचं हृदय थांबलं.

सरकारी अधिकाऱ्यानं ओल मोजली. सभागृह उघडं राहिलं, पण वसंतापर्यंतच; उरलेलं काम तेव्हा झालं नाही, तर बंद होणार. तोवर थांबायचं, कारण गोठत्या थंडीत चुना धरत नाही. माथ्याखालच्या थरातले नऊ सांधे राहिलेत. त्यांत अजून हेडलीचं सिमेंट आहे.