टाळीवरचे इटालियन

इटालियनच्या तोंडी परीक्षेच्या खोलीबाहेर दोन बायका बाकावर बसून झिम्मा खेळत होत्या. मी पुढच्या तुकडीची चौकशी करायला गेलो होतो. ते पाहून तिथेच थांबलो.

धाकटी सुनंदा सांगलीची नर्स. मागच्या खेपेस ती इथेच नापास झाली होती. आज पास झाली तरच इटलीतल्या रुग्णालयाची नोकरी तिची होती. तिला अडवले होते क्रियापदांनी. ‘आबितानो’ म्हणजे ‘राहतात’. आ-बि-ता-नो अशी चार अक्षरे, आणि जोर पहिल्यावर. सुनंदाचा जोर मात्र दर वेळी ‘ता’वर जात होता.

“परत ‘ता’वर बसलीस! तिथं काय पाट मांडलाय तुझ्यासाठी?” थोरली जाऊ म्हणाली. “मंगळागौरीला चुकतेस का कधी? पहिली टाळी मोठी, मागच्या तीन हलक्या. घे.”

टाळ्या वाजल्या. ‘आ’ ठणठणीत आला आणि उरलेली तीन अक्षरे त्याच्यामागून अलगद उतरली.

परकी भाषा आपण कानाने आणि जिभेने शिकू पाहतो. हिच्याकडे ती इतक्या श्रावणांपासून तळहातांत तयार होती. फक्त कोणी मागितली नव्हती.

सुनंदा आत गेली. दाराच्या काचेतून तिचा मांडीवरचा हात दिसत होता. एक ठोका जोराचा, मग तीन हलके. परीक्षक बाई मान डोलावत होत्या.

“पास, अक्का!” बाहेर येताच तिने दोन्ही तळवे पुढे केले. ती टाळी जिन्याखालपर्यंत ऐकू गेली.

रांगेतली पुढची मुलगी लगेच बाकावर सरकली.

“अक्का, माझ्याशीही एक डाव खेळा ना.”