तेलात गेलेलं पळणं

संघप्रियाचे पाय बसल्या जागी हलत असतात. आलापल्लीच्या दवाखान्यात ती दिवसभर मलेरियाच्या काचपट्ट्या तपासते. डोळा सूक्ष्मदर्शकाला लागलेला आणि टेबलाखाली टाच एकसारखी आपटत असलेली. शिवणक्लास तिने अर्धा सोडला, बी.एड. अर्धं सोडलं. जानेवारीत नागपूरला पूर्ण मॅरेथॉन पळणार, असं तिने सांगितलं तेव्हा धाकटा भाऊ विक्की म्हणाला, "ताई, अर्ध्या रस्त्यातूनच परतीची गाडी पकडजो."

हे तरी अर्धं राहू नये, एवढंच तिला तेव्हापासून हवं होतं.

रोज पळण्याची खूण ठेवायला तिने आधी मोबाइलवर ॲप घेतलं. पण इथली रेंज मध्येच गायब व्हायची आणि ती पळून आली तरी ॲप लाल होऊन सांगायचं, खंड पडला. त्या लाल रंगाने दिवस नासायचा. मग पावसाळ्यात, आईने वाळवलेल्या मोहाच्या बियांतून तिने एक पिशवी बाजूला काढली. पळून आलं की एक बी खिडकीतल्या पत्र्याच्या डब्यात. टण् असा आवाज झाल्याशिवाय ती चहाला हात लावत नसे. पुढे डबा भरत गेला तसा तो आवाज बोदा झाला. बीवर बी पडल्याचा. तिला तोच जास्त आवडायला लागला.

दिवाळीनंतरचा एक रविवार. लांब पळायचा दिवस. गुडघा ठणकत होता. ऊन अंगणात उतरलं तरी ती बूट घालून दारातच. आत, बाहेर, पुन्हा आत. आज न पळताच बी टाकली तर? कोण बघतंय? तिने पिशवीतली एक बी मुठीत घेतली आणि डब्याचं झाकण उघडलं.

डबा रिकामा होता.

"आई! इथच्या बिया कुठी गेल्या?"

बायनाबाई तांदूळ निवडत होत्या. "त्या होय? पोत्यात टाकल्या. विक्की आताच तेलघाणीवर घेऊन गेला."

"काऊन पण?"

"काऊन म्हंजे? मोहाच्या बिया काय शोभेले ठेवतेत का वं? मले वाटलं, पोत्यात टाकाच्या राहून गेल्या."

संघप्रिया धावत सुटली. तेलघाणी पुढच्या गावाला, अहेरीला. रस्त्याच्या कडेने सागाची मोठमोठी वाळकी पानं बुटांखाली मोडत होती. किती बिया होत्या ते तिला आठवेना. तिने कधी मोजल्याच नव्हत्या. एखादा ट्रक अंगावरून गेल्यासारखा जायचा, धूळ खाली बसायच्या आत ती पुढे गेलेली असायची. आज श्वास कुठे सोडायचा, पाऊल कसं टाकायचं, काही नाही. फक्त पोतं.

ती पोहोचली तेव्हा यंत्र चालू होतं. गरम, कडवट वास. विक्की स्कूटरला टेकून उभा.

"तू? पळत आली?"

"आपलं पोतं?"

त्याने नळीखालच्या कॅनकडे बोट दाखवलं. आई काय म्हणाली, डबा कोणता, सगळं तिने धापा टाकत सांगितलं, तर तो हसायलाच लागला. "तुयं पळणं तेलात गेलं म्हन ना ताई!" मग तिचा चेहरा पाहून त्याने हसू आवरलं. "जाऊ दे. बस मागं, घरी सोडतो."

तिने सीटकडे पाहिलं. गुडघा आता जास्तच ठणकत होता.

"नाई," ती म्हणाली. "अर्धंच झालं अजून."

परतीच्या वाटेवर विक्की हळूहळू तिच्या मागून येत राहिला. प्रत्येक वळणावर ओरडायचा, "बसतं का?" नंतर त्याने विचारणं सोडलं. गाव दिसायला लागल्यावर तो पुढे निघून गेला.

घरी येऊन तिने मूठ उघडली. बी घामाने ओली झाली होती. हात सवयीने खिडकीकडे गेला, पण डबा जागेवर नव्हता. आईने तो पुसून त्यात तेल ओतून घेतलं होतं.

"त्याच्यात काऊन ओतलं?"

"रिकामाच होता ना."

संघप्रियाने बी खिडकीच्या फळीवर ठेवली. ती घरंगळली, तिने धरली, पुन्हा ठेवली. बायनाबाईंनी तळहातावर तेल घेतलं. "पाय इकडं कर."

आईच्या हातातही तो पाय ठरेना.

"हलवू नको ना वं!"

"आई," ती म्हणाली, "सकाळी मले लवकर उठवजो."