विरजणाला मारलेली हाक

आमच्या फ्योर्डच्या, डोंगरांत शिरलेल्या खाडीच्या, काठी गीरिदसारखं हळू बोलणारं दुसरं माणूस नव्हतं. पलीकडच्या काठावरून लग्न होऊन आली, तेव्हा तिच्या शेळ्यासुद्धा तिला जुमानत नसत. तिची हाक त्यांच्यापर्यंत पोचायचीच नाही. मग शेजारच्या अंगणातून मी बोंब ठोकायची आणि शेळ्या निमूट घरी परतायच्या.

"सिगबर्ग, तुझा अर्धा आवाज मला दे गं," ती म्हणायची.

"सगळाच ने. माझा नवरा तुझे पाय धरेल."

तिचा नवरा तोर्गिल्स अगदी उलटा. गावात बिअर करावी तर त्यानंच. जवाचा गोड काढा कोमट झाला, की लाकडी कड्यावर वाळवलेलं विरजण, म्हणजे मागच्या बिअरचा फेस, तो त्यात सोडायचा आणि सोडताना छाती फुटेस्तोवर ओरडायचा. आमच्याकडे तशी रीतच आहे. गुपचूप घातलेल्या विरजणाची बिअर मिळमिळीत होते म्हणतात. तोर्गिल्स ओरडला की पलीकडच्या काठावरची कुत्री भुंकायला लागायची आणि गीरिद कानांवर हात ठेवून हसायची. बिअरच्या कामात तिचा वाटा तेवढाच.

मग तोर्गिल्सच्या छातीनं दगा दिला. शेवटची काही वर्षं घरात बिअर झालीच नाही. विरजणाचं कडं चुलीवरच्या खिळ्याला तसंच लटकत राहिलं आणि हिवाळ्याच्या तोंडाशी तोर्गिल्स गेला.

त्याचा धाकटा भाऊ एइरिक म्हणाला, "वहिनी, दुकानातून बाटल्या आणतो. पाहुण्यांचं भागेल."

"नको भावजी. त्यांच्या मयताला त्यांच्याच विरजणाची बिअर हवी."

"ते विरजण मेलं असेल एव्हाना."

"मेलं असेल तर मला कळू दे," गीरिद म्हणाली.

मी माझ्या घरचं विरजण देऊ केलं, तेही तिनं घेतलं नाही. मला रागच आला. जन्मात कधी बिअर न केलेली बाई, आणि हट्ट असा! पण मदतीला गेले. पिंपाच्या तळाशी गाळणीसाठी जुनिपरच्या झुडपाच्या फांद्या अंथरल्या, मोड आणून वाळवलेले जव गरम पाण्यात मुरवले, गाळून काढा खाली घेतला. तो निवेपर्यंत गीरिद त्यात पुन्हा पुन्हा कोपर बुडवून बघत होती. शेजारच्या खोलीत तोर्गिल्सची शवपेटी होती.

तिनं कडं हातात घेतलं. "आता ओरड," मी म्हणाले.

"घरात मढं आहे," एइरिक दारातून म्हणाला. "थोडी तरी चाड ठेवा."

गीरिदनं कडं हळूच काढ्यात सोडलं आणि वर घोंगडी पांघरली.

सकाळी घोंगडी काढली, तर काढा जसाच्या तसा. ना फेस, ना बुडबुडा. आणखी एक दिवस असा गेला की तो आंबून वाया जाणार, हे मी तिला सांगितलं. एइरिक दुकानातून बाटल्या आणायला होडी काढावी म्हणून अंगणात उतरला.

गीरिद पिंपाचा काठ धरून उभी होती. नवरा गेल्यापासून ती रडली नव्हती, आणि खरं सांगते, मला तिचा त्याबद्दलही राग होता. ती वाकली आणि ओरडली. आधी नुसताच आवाज, मग "तोर्गिल्स!" जन्मभर मी बोंबा मारल्यात, पण तसा आवाज माझ्या गळ्यातून कधी निघाला नाही. पलीकडची कुत्री भुंकली. अंगणात एइरिकनं टोपी काढली. गीरिद जमिनीवर बसून हंबरडा फोडून रडली, आणि तिला धरून मीही रडले.

दुपारी कडेकडेनं पांढरा फेस धरला. हाकेनं जागं झालं की म्हातारं विरजण आपल्या चालीनं उठलं, ते मला विचारू नका.

फेस चांगला जाड आल्यावर तिनं त्यातला थोडा काढून कड्याला माखला आणि कडं त्याच खिळ्याला वाळत टाकलं. फेस बसू लागला तशी आम्ही बिअर छोट्या पिंपात भरली. गीरिद लगेच हातोडी घेऊन बूच ठोकायला निघाली.

"अगं, थांब! अजून धुमसतंय ते. आत्ता गच्च केलंस तर पिंप फुटेल."

तिनं बूच सैल ठेवलं आणि पिंपाला कान लावून बसली. आतली चुरचुर मंदावली तेव्हा तिनं ते आपल्या हातानं ठोकलं.

मयताच्या दिवशी लाकडी वाडगा हातोहात फिरला. बिअर कडक होती, तोर्गिल्सच्या बिअरसारखीच. तिन्हीसांज झाली तरी कुणी उठेना. एइरिकनं वाडगा रिकामा केला आणि किती तरी वेळ खिळ्यावरच्या कड्याकडे बघत राहिला.

"वहिनी, थोडं विरजण मला द्याल?"

"देते की. पण घालताना ओरडावं लागेल, भावजी."

एइरिकनं मान खाली घातली. भावाला पुरून आला तरी त्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. "मला नाही येत ओरडता."

"मलाही येत नव्हतं," गीरिद म्हणाली.