लाल टिकलीचा खोका

मंगलताईंच्या डाव्या कोपराला लाल टिकली चिकटलेली दिसली आणि मला हसूच फुटलं. "काय हो, आज कोपराला नटवलंत वाटतं?"

त्या हसल्या नाहीत. कोपर वळवून त्यांनी टिकली पाहिली आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

कार्ल्याजवळच्या आमच्या दवाखान्यात औषधांचा साठा त्या सांभाळत आणि बिलं मी. ताई मळवलीच्या. वडील एका बंगल्याचे राखणदार. त्या घरात वाढून त्यांनी फार्मसीचा डिप्लोमा केला. स्वभाव मात्र राखणदाराचाच राहिला. कुलूप लावलं तरी तीनदा ओढून बघायच्या. भित्री बाई, असं सगळे म्हणत. मीही म्हणायचे. आता म्हणत नाही.

वॉर्डातून औषधं न्यायला येणाऱ्या मावश्यांना इंग्रजी वाचता येत नाही. म्हणून ज्या इंजेक्शनानं माणूस दगावू शकतो, त्याच्या खोक्यावर ताई स्वतःच्या पाकिटातली लाल टिकली लावायच्या. टिकली दिसली की हात लावायचा नाही, ताईंना हाक मारायची. डॉक्टर थट्टा करत, पण सहा वर्षांत एकदाही घोळ झाला नव्हता. फक्त श्रावणात आमच्याकडे भिंतींनासुद्धा घाम फुटतो. टिकलीचा गोंद कुठवर तग धरणार?

"पोटॅशियमचा खोका कुठंय?" ताईंनी विचारलं.

रॅकवर त्याची जागा रिकामी होती. शेजारी डिस्टिल्ड वॉटर तसंच होतं. नव्या मालात दोन्हींच्या प्लास्टिकच्या कुप्या हुबेहूब सारख्या आल्या होत्या. एक नुसतं पाणी. दुसरं थेट शिरेत गेलं तर काळीज बंद पडतं.

"शालूबाई येऊन गेली," मी म्हणाले. "मुलांच्या वॉर्डात इंजेक्शनची पावडर कालवायला पाणी हवं होतं. तुम्ही जेवायला गेला होतात. मी म्हटलं, रॅकवर आहे, घे तुझं तू."

ताईंनी वॉर्डाला फोन लावला. नुसती रिंग वाजत राहिली. त्यांनी फोन तसाच टाकला आणि अनवाणी धावत सुटल्या. मागून मी. घे तुझं तू, एवढंच डोक्यात घणघणत होतं.

जिन्यात शालूबाई भेटली. "कुप्या दिल्यास सिस्टरला?" ताईंनी विचारलं.

"व्हय, कवाच. टिकली न्हवती ताई, म्या नीट बघितलं हुतं." आमची तोंडं बघून तीही आमच्यामागं निघाली. "काय झालं वो?"

सांगत बसायला वेळ नव्हता. वॉर्डात शेवटच्या खाटेवर चार वर्षांची आयरा होती. दोन दिवसांच्या जुलाबांनी पार सुकून गेलेली. तिची आजी, अकबरी, तिचा हात धरून बसली होती. सिस्टर खाटेवर वाकली होती. ट्रेमध्ये भरलेली सिरिंज आणि मोकळी कुपी. मोकळी कुपी बघून मला वाटलं, संपलं सगळं.

"दिलंत?" ताईंनी विचारलं.

"कुठलं देतेय!" सिस्टर वैतागली होती. "जुनी सुई सरकलीय आणि नवी शीर सापडत नाही. तीनदा झालं टोचून."

ताईंनी सिरिंज उचलून मुठीत धरली. कुपीवरचं नाव वाचलं आणि ती सिस्टरच्या पुढे केली. सिस्टर वाचून मटकन स्टुलावर बसली. ताई तिथंच, फरशीवर.

आजीला यातलं काहीच कळलं नव्हतं. तिचा राग अनावर झाला होता. "बाई, तुमी हितल्या मोठ्या दिसता. तुमीच बोला हिला. तीन येळा टोचलं माझ्या नातीला! एकदा बी धड शीर घावली न्हाई. शिकून आल्यात का कशा?"

ताईंनी पुढे सरकून म्हातारीचे पायच धरले आणि मोठ्यानं रडायला लागल्या.

अकबरी गडबडली. तिला वाटलं, सिस्टरच्या वतीनं माफी मागतायत.

"अगं बाई, पाय नका धरू," ती ताईंना उठवत म्हणाली. "असू द्या. एवढं काय त्यात? टोचलंच तर हाय."